झोप लागली तरी चालेल

सातवीत असताना मला टायफॉइड झाला. आजाऱ्याची गादी आतल्या खोलीत घालायची, ही तेव्हाची रीत. पण आतल्या खोलीत टीव्ही नव्हता आणि मी तिथे एकटा पडून दिवसभर कुरकुरायचो, म्हणून आईने माझं अंथरूण बाहेरच्या दिवाणावर हलवलं. पुढचे तीन आठवडे मी मोसंबीचा रस, भाताची पेज आणि दूरदर्शन यांवर काढले. दूरदर्शन बघितलं म्हणजे काय, तर डोळे उघडे असतील तेव्हा समोर काहीतरी हलत असायचं. ‘मालगुडी डेज’ ही मालिका त्याच दिवसांत लागायची. मुंबईत मराठी नाटकांतून उमेदवारी केलेल्या शंकर नागने ती दिग्दर्शित केली होती आणि कर्नाटकातल्या आगुंबे या धुवाधार पावसाच्या गावात तिचं चित्रण झालं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुणती धून कानावर पडली की कूस बदलून टीव्हीकडे तोंड करायचं. पाचव्या मिनिटाला मी झोपलेला असायचो.

स्वामी आणि राजम या तिच्यातल्या मित्रांची ताटातूट होते त्या भागाला मात्र मी नक्की जागा होतो, अशी माझी पुढे कित्येक वर्षं खात्री होती. राजमच्या वडिलांची बदली होते, तो गाव सोडून निघतो, स्वामी धावतपळत स्टेशनवर पोचतो. शेवटच्या क्षणी तो गाडीत उडी मारतो, राजम सरकून त्याला खिडकीशी जागा करून देतो आणि दोघं निघून जातात. खिडकीचे गजसुद्धा मला आठवायचे. त्या गजांकडे नंतर येऊ.

आजारी माणसाने काय बघावं, याची घरोघरी तयार उत्तरं असतात. ‘काहीतरी हलकंफुलकं लाव रे त्याला’ हे त्यातलं सर्वांत लाडकं. हलकंफुलकं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे: मधेच झोप लागली तर काही बिघडतं का? जाग आल्यावर मागे जाऊन बघावं लागत असेल, ‘हा कोण, तो का मेला’ असं शेजारच्याला विचारावं लागत असेल, तर तो चित्रपट कितीही थोर असो, बरं झाल्यावर बघायचा. जो आपल्याला निवांत झोपू देतो आणि जाग आल्यावर कुठल्याही दारातून आत घेतो, तो आजारपणातला.

ही कसोटी आळसातून आलेली नाही. ताप आल्यावर माणूस लोळत का पडतो, याचं उत्तर बरीच वर्षं ‘अशक्तपणा’ या एका शब्दात उरकलं जायचं. १९८८ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी एक निबंध लिहून वेगळा मुद्दा मांडला. आजारी गाय चरायची थांबते, मांजर अंग चाटायचं सोडून कोपऱ्यात मुटकुळं करून बसतं, ते शरीर हरलं म्हणून नव्हे. ती शरीराने आखलेली काटकसर असते. अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने चढवायचा तर चयापचयाचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, आणि तो भागवायला बाकीची दुकानं बंद ठेवावी लागतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो, आणि मेंदू भूक, हौस, गप्पा, कुतूहल या सगळ्यांना कात्री लावतो. तोंडाला चव नाही असं आपण म्हणतो. त्या दिवसांत डोक्यालाही चव नसते.

अशा डोक्यापुढे आपण काय वाढतो? खुनाची आठ भागांची वेबमालिका, जिच्यात दर भागात तीन काळ आणि अकरा पात्रं. पेज पिणाऱ्या माणसाला तर्रीची मिसळ वाढावी तसं. वाढणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो: बिचारा पडून आहे, वेळ आहे, तेव्हा राहून गेलेलं बघून घेईल. पण आजारपणातला वेळ हा सुट्टीतला वेळ नव्हे. घड्याळ तेवढंच दाखवतं, पण हातात येतात ती तुकड्यातुकड्यांची दहा-पंधरा मिनिटं, मधे गुंगी, मधे गोळी, मधे कुणीतरी थर्मामीटर घेऊन.

म्हणून आजारपणात माणूस नव्याकडे वळत नाही, जुन्याकडे वळतो. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जेय डेरिक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमका याच सवयीचा अभ्यास केला आणि २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. मनाला शिणवणारं काम करून आलेली माणसं आधी पाहिलेल्या मालिका, चित्रपट, वाचलेली पुस्तकं यांकडे वळतात आणि त्यामुळे त्यांना पुन्हा हुशारी येते, असं त्यांना दिसलं. ओळखीच्या गोष्टीतली माणसं सोबत करतात, पण आपल्याकडून काही मागत नाहीत. त्यांच्यासाठी उठून चहा टाकावा लागत नाही, ‘आता कसं वाटतंय’ याला उत्तर द्यावं लागत नाही. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी हा निबंध वाचायला हवा.

मराठी घरात या जातीचा सर्वांत मोठा चित्रपट कोणता, यावर मतभेद होतील असं वाटत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८ मध्ये लागला. दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं, लेखन वसंत सबनीसांचं, आणि मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ची. राहायला जागा नसलेले चार मित्र, जोडप्यांनाच जागा देणारी मालकीण, मग दोघांनी नेसलेली लुगडी. एवढंच कथानक. पण या चित्रपटाचं कथानक आता कुणी बघत नाही. सुधीर जोशींचे विश्वासराव सरपोतदार दार उघडतात तिथून अर्धा महाराष्ट्र संवाद एक सेकंद आधी म्हणतो. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांचं काय झालं, हे विनोद म्हणून उरलेलं नाही, घरातला वाक्प्रचार झालंय. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत पहिल्यांदा कसा चालतो हे बघायला डोळेही उघडायला नकोत. डोळे मिटून पडावं, नुसता आवाज ऐकावा, चित्र आतल्या आत दिसतं.

कसोटीला उतरतो तो इथे. तुम्ही धनंजय माने नोकरीवर जाताना झोपलात आणि सगळं भांडं फुटताना जागे झालात, तरी मधला तास तुमच्याजवळ आहेच. तो तुम्ही आधी पंचवीस वेळा बघून ठेवलेला असतो. बँकेत ठेव असावी तसा.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, आणि ती मी स्वतः टाके मोजून शिकलो आहे. हर्नियाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एका प्रेमळ भाच्याने मला हाच चित्रपट मोबाइलवर लावून दिला. पहिल्या दहा मिनिटांत मी दोन वेळा ओरडलो. सिस्टर धावत आल्या, पडद्यावर अशोक सराफ बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि एक उशी माझ्या पोटावर दिली. हसू आलं, खोकला आला, शिंक आली की उशी टाक्यांवर दाबून धरायची. अपेंडिक्स, सिझेरियन, हर्निया, पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालेल्यांना हे शिकवतात. बायपासच्या पेशंटना छातीशी धरायला उशी देतात, काही ठिकाणी ती हौसेने बदामाच्या आकाराची असते. हसणं हा शेवटी स्नायूंचा व्यायाम आहे, आणि पोटाच्या भिंतीला ते व्याख्यान नको असतं. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २०१३ च्या नाताळ अंकात फर्नर आणि अ‍ॅरनसन या दोघांनी हसण्याचे फायदे-तोटे मांडणारा अर्धा गंमतीचा, अर्धा गंभीर लेख लिहिला होता. तोट्यांच्या यादीत हसता हसता भोवळ येण्यापासून दम्याचा झटका येण्यापर्यंत बरंच काही होतं. तेव्हा टाके ओले असतील तोवर बनवाबनवी नको. आठवडाभराने, उशीसकट.

हसण्याने आजार बरा होतो का, हा प्रश्न निघाला की एक नाव घ्यावंच लागतं. नॉर्मन कझिन्स हे अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ साप्ताहिकाचे संपादक. १९६४ च्या उन्हाळ्यात ते सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावरून परतले ते ताप घेऊनच. आठवडाभरात मान, हात, बोटं हलेनाशी झाली. डॉक्टरांनी निदान केलं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे आखडत नेणारा आजार. पूर्ण बरं होण्याची शक्यता पाचशेत एक, असं त्यांना सांगण्यात आलं. कझिन्स पडले संपादक, छापील निकाल मान्य करायची सवय नाही. डॉक्टर मित्राच्या संमतीने त्यांनी वेदनाशामकं बंद केली, ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेतले आणि खोलीत एक प्रोजेक्टर मागवला. त्यावर ‘कँडिड कॅमेरा’ या टीव्ही कार्यक्रमाचे जुने भाग आणि मार्क्स बंधूंचे धमाल चित्रपट नर्सबाई लावून द्यायच्या. खळखळून हसण्याची दहा मिनिटं झाली की दोन तास दुखण्याविना झोप लागते, असं त्यांना आढळलं. दोन तासांनी दुखणं परतलं की पुन्हा प्रोजेक्टर. त्यांच्या हसण्याचा बाकीच्या पेशंटना त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी मुक्काम हॉटेलात हलवला. तिथला खर्च हॉस्पिटलच्या साधारण एक तृतीयांश होता, हेही ते खुशीने नोंदवतात.

हा अनुभव त्यांनी १९७६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिला, १९७९ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि जगभर गाजलं. मुंबईच्या मदन कटारिया या डॉक्टरांनी कझिन्सचं वाचून १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच जणांना जमवलं आणि पहिला हास्यक्लब सुरू केला. आज आपल्याकडच्या बागांमध्ये पहाटे हात वर करून हसणारे आजोबा दिसतात, त्यांचा पणजोबा न्यूयॉर्कचा एक संपादक आहे.

आता शंका. कझिन्सना खरोखर तोच आजार होता का, यावर पुढे डॉक्टरांनी प्रश्न उभे केले. असे काही सांधे-विकार आपोआपही उतरतात. एका माणसाच्या अनुभवावरून औषध ठरत नाही. हसण्याने मी बरा झालो असा सरळ दावा कझिन्सनीही केला नव्हता. पण त्यांच्या हकिगतीतली एक गोष्ट मला सर्वांत खरी वाटते, आणि तिच्याकडे लोक कमी बघतात. सगळे त्या दहा मिनिटांच्या हसण्याबद्दल बोलतात. मला ते दोन तास मोलाचे वाटतात. मार्क्स बंधूंनी त्यांना बरं केलं की नाही, देव जाणे. झोपवलं मात्र नक्की.

दुखणं कमी होण्याच्या बाजूला थोडा पुरावाही आहे. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विनोदी कार्यक्रम दाखवले. आधी आणि नंतर त्यांच्या दंडाला बर्फात गोठवलेली पिशवी गुंडाळली किंवा रक्तदाबाचा पट्टा आवळला, आणि किती वेळ सोसवतं ते मोजलं. खळखळून हसलेल्यांना जास्त सोसवलं. शरीरातच तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक रसायनं यामागे असावीत, असा त्यांचा कयास. २०१२ मध्ये छापलेल्या या अभ्यासाच्या शीर्षकातच ‘सामाजिक हसणं’ असा शब्द आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या नोंदींप्रमाणे माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो. तेव्हा आजाऱ्याच्या हातात नुसता मोबाइल देऊन भागत नाही. शेजारी खुर्ची ओढून बसावं लागतं. भाजी निवडत बसलं तरी चालेल.

या सगळ्यात मालिकांची एक वेगळी जागा आहे. चित्रपट अडीच तासांचा, मालिकेचा भाग वीस-पंचवीस मिनिटांचा. दोन गोळ्यांच्या मधे बरोब्बर मावतो. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ अल्फा मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून केदार शिंदेंनी केलेली, आणि आबांच्या भूमिकेत प्रभावळकरच. तिच्यात कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाचा कट शिजत नाही. घरात पाच माणसं, प्रश्न फार तर हरवलेल्या चष्म्याएवढा, आणि तो भाग संपायच्या आत सुटतो. आजारपणात हे ‘आत सुटणं’ फार मोलाचं. स्वतःच्या अंगातला प्रश्न कधी सुटणार हे कळत नसताना दुसऱ्या कुणाचा तरी अर्ध्या तासात सुटलेला बघायला बरं वाटतं. याउलट हल्लीच्या रोजच्या मालिका. भाग संपताना कुणाच्या तरी चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा आपटतो, ढग गडगडतात, आणि पेशंटची नाडी वाढलेली असते. उत्कंठा ही निरोगी माणसाची चैन आहे.

हिंदीत हृषीकेश मुखर्जींचा ‘गोलमाल’ (१९७९), सई परांजपेंचा ‘कथा’ (१९८३), बासू चटर्जींचे मध्यमवर्गीय चित्रपट, हे सगळे याच पंगतीतले. ‘कथा’तली चाळ मला विशेष आवडते, कारण तिथे सतत कुणाचातरी आवाज असतो. आजारी माणसाला शांतता हवी असते हे अर्धंच खरं. त्याला हवा असतो तो दूरचा, आपल्याशी संबंध नसलेला, चालू संसाराचा आवाज. लहानपणी तापात पडलेलं असताना स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज यायचा आणि घर जागेवर आहे हे कळायचं, तसा.

काही कार्यक्रम मुळात झोपेसाठी नव्हते, पण लोकांनी त्यांना त्या कामाला लावलं. बॉब रॉस नावाचा अमेरिकन चित्रकार १९८३ ते १९९४ या काळात ‘द जॉय ऑफ पेंटिंग’ हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा. एकूण ४०३ भाग. पाठीमागे काळा पडदा, डोक्यावर केसांचा भारा, आणि अर्ध्या तासात कोऱ्या कॅनव्हासवर डोंगर, तळं, देवदाराची झाडं. हा माणूस आधी वीस वर्षं अमेरिकी हवाई दलात होता, हाताखालच्यांवर ओरडणं हे त्याचं कामच होतं. ती नोकरी सुटल्यावर पुन्हा कधी आवाज चढवायचा नाही असं त्याने ठरवलं, आणि चढवला नाही. त्याचे सगळे भाग आज यूट्यूबवर आहेत. चित्रकलेत रस नसलेली कितीतरी माणसं ते रात्री लावतात आणि तळं पूर्ण व्हायच्या आत झोपतात.

नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने याच्याही पुढची मजल मारली. बर्गन ते ऑस्लो रेल्वेमार्गाला शंभर वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांनी तो सात तासांहून मोठा प्रवास गाडीला कॅमेरे लावून जसाच्या तसा दाखवला. २०११ मध्ये किनाऱ्याने जाणाऱ्या बोटीचा १३४ तासांचा प्रवास थेट दाखवला. काही घडत नाही, आणि लाखो लोक बघत बसतात. आपल्याकडे कोकण रेल्वेच्या खिडकीतून टिपलेले लांबलचक व्हिडिओ हौशी मंडळींनी टाकलेले आहेत. मुंबईत किंवा परदेशात पडून असलेल्या कोकणी माणसाला याहून चांगलं सलाइन नाही. उक्षी स्टेशन मागे पडतं, मग करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो, पडदा काळा होतो, नुसता खडखडाट. त्या बोगद्यातून जागेपणी बाहेर पडलेला पेशंट मी अजून पाहिलेला नाही.

हिरवं बघून बरं वाटतं हा केवळ कविमनाचा समज नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पेनसिल्व्हानियातल्या एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं, निम्म्यांच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. टीव्हीवरचं झाड खिडकीतल्या झाडाइतकं काम करतं, असं यावरून म्हणता येणार नाही. पण ज्याच्या खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीचं डक्ट आहे, त्याने काय करावं?

आजारपणाच्या चित्रपटांत माझ्या मते सर्वश्रेष्ठ जो आहे, तो पुन्हा १९८८ सालचाच. हार्टचा निबंध, बनवाबनवी आणि हा, तिन्ही एकाच वर्षातले. हायाओ मियाझाकींचा जपानी अ‍ॅनिमेशनपट ‘माय नेबर तोतोरो’. सात्सुकी आणि मेई या बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, कारण आई जवळच्या हॉस्पिटलात दीर्घ आजाराने पडून आहे. मियाझाकींची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, ते घर या चित्रपटाच्या पायाशी आहे. सबंध चित्रपटात खलनायक येत नाही. जंगलात एक भलामोठा केसाळ प्राणी राहतो, धाकटी मेई झाडाच्या ढोलीतून घरंगळत त्याच्या पोटावर पडते आणि तिथेच तिला झोप लागते. पोट वरखाली होतंय, मेई वरखाली होतेय, फुलपाखरू उडतंय. बस्स. पेशंटला दाखवायचं दृश्य निवडा म्हटलं तर मी हेच निवडीन.

आजारी आई असूनही हा चित्रपट पेशंटला जड जात नाही, कारण तो आजाराकडे घरातल्या मुलांच्या उंचीवरून बघतो. शेवटी मुली हॉस्पिटलच्या खिडकीत कणीस ठेवून जातात. खिडकीच्या आत आईवडील हसत बोलत असतात. पडून असलेल्या माणसाला आपल्या आजाराने घरच्यांची किती ओढाताण होतेय हा सल असतोच. इथे ते घर निभावून नेताना दिसतं.

मग ‘आनंद’चं काय? १९७१ चा, पुन्हा हृषीकेश मुखर्जींचाच. नायकाला आतड्याचा कर्करोग, सहा महिने उरलेले, आणि तरी हसवणारा. पुष्कळ लोक हौसेने तो पेशंटला सुचवतात. माझा सल्ला, सुचवू नये. त्याने स्वतः मागितला तर अवश्य लावावा आणि रुमाल घेऊन शेजारी बसावं. रडण्याचाही उपयोग असतो. डनबार यांच्याच गटाने २०१६ मध्ये एक करुण चित्रपट लोकांना एकत्र बसवून दाखवला, तर ज्यांच्या मनाला तो लागला त्यांचीही दुखणं सोसण्याची ताकद वाढलेली निघाली. म्हणजे हसू की रडू याहून ते कुणाच्या सोबतीने येतं, याला वजन असावं. पण निवड पेशंटची. धीर दुसऱ्याने ठरवून वाढायचा पदार्थ नाही.

कुठे पडदाच नको, हेही सांगून टाकतो. डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसला असेल तर पहिले दोन दिवस टीव्ही, मोबाइल बंद. २०२१ मध्ये अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या १२५ पेशंटवर झालेल्या प्रयोगात, पहिले ४८ तास स्क्रीनपासून दूर राहायला सांगितलेल्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवसांत गेली, बाकीच्यांना आठ दिवस लागले. अर्धशिशीत आणि चक्कर येत असताना तर प्रश्नच नाही. डोळ्याच्या पडद्याच्या काही ऑपरेशननंतर माणसाला दिवसचे दिवस पालथं, मान खाली घालून राहावं लागतं. त्याला कान आहेत. पु. लं.ची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, विविध भारतीचं ‘हवामहल’ आहे. आवाजाला डोळे लागत नाहीत आणि झोपणाऱ्याला आवाज आड येत नाही.

बाकी किरकोळ. सलाइन लावलेल्या हाताने मोबाइल धरायचा नाही, स्टँड मिळतो. सबटायटलवाले चित्रपट ताप उतरल्यावर. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी, कारण भाग संपला की उठून खोलीत चार पावलं टाकायची असतात. सलग पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि पूर्वी हे काम जाहिराती करायच्या. बातम्यांच्या वाहिन्यांबद्दल मी काहीही लिहिणार नाही, रक्तदाब हा निराळा विषय आहे.

पेशंट बरा होतोय हे कसं ओळखावं? तो चित्रपटाला नावं ठेवू लागतो. माझ्या एका काकांनी बायपासनंतर नऊ दिवस ‘टिपरे’ बघितली, मिटल्या डोळ्यांनी, तक्रार न करता. दहाव्या दिवशी म्हणाले, ‘हे काय बाळबोध लावलंय? मॅच नाही का कुठे?’ काकू देवापुढे साखर ठेवायला गेल्या.

तर ते खिडकीचे गज. काही वर्षांपूर्वी मला डेंगी झाला. प्लेटलेट्स मोजत घरी पडून होतो, तेव्हा लॅपटॉपवर ‘मालगुडी डेज’ सापडली. तीच धून, आर. के. लक्ष्मण यांची तीच चित्रं, आणि मीही तसाच पाचव्या मिनिटाला गारद. ताप उतरल्यावर एका दुपारी उशीला टेकून बसलो आणि ताटातुटीचा तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. स्वामी स्टेशनवर पोचतो. हातात राजमला द्यायचं पुस्तक असतं. गाडी सुटते. तो गाडीत चढत नाही. फलाटावरच राहतो.

मी मागे जाऊन दोनदा बघितलं. मग आईला फोन लावला. तिला तो दिवाण आठवत होता, मोसंबीचा भाव आठवत होता, आणि तो भागही आठवत होता.

‘तू कसला बघतोयस शेवट,’ ती म्हणाली. ‘तो मुलगा स्टेशनाकडे पळत सुटला आणि आपल्याकडचे लाइट गेले. रात्री दहाला आले.’